दर दोन तासांनी कूस

कॉटच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला एक कागद अडकवलेला असतो. त्यावर पट्टीने आखलेले तीन रकाने: वेळ, कूस, सही. १० वाजता डावी, १२ वाजता पाठ, २ वाजता उजवी, ४ वाजता पुन्हा डावी. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात किंवा आयसीयूत गेलात, तर पक्षाघाताच्या किंवा बेशुद्ध रुग्णाच्या कॉटला हा कागद दिसेल. नर्सिंग शिकवायला लागल्यापासून मी तो इतक्यांदा तपासला आहे, की हा कागद मुळात आला कुठून, असा प्रश्न बरीच वर्षं मला पडलाच नव्हता. दोन तासच का? तीन का नाहीत? ही वेळ कोणी ठरवली, आणि ठरवताना कोणी काही मोजलं होतं का?

मला हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. चौथ्या वर्षाची, बीडकडची मुलगी. ‘मॅडम, पुस्तकात दोन तास लिहिलंय, पण पुस्तकाने ते कशावरून लिहिलं?’ त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना लक्षात आलं, की पुराव्यावर आधारलेली परिचर्या म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला धडा मिळणार नाही.

आपण ज्याला बेडसोर म्हणतो आणि पुस्तकात शय्याव्रण म्हणतात, ती जखम माणूस अंथरुणाला खिळायला लागल्यापासूनची आहे. कमरेखालचं त्रिकोणी हाड, माकडहाड, खुबा, टाच, घोटा, झोपूनच असलेल्याच्या डोक्याची मागची बाजू. जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस कमी, तिथे ती होते. दाबामुळे बारीक रक्तवाहिन्या मिटतात, खालचं मांस उपाशी मरतं आणि काही दिवसांनी कातडी फुटते. वर रुपयाएवढी दिसणारी जखम आत वाटीएवढी पोखरलेली असते. ज्याने ती धुतली आहे, त्याला तिचा वास आयुष्यभर विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या थोरामोठ्या डॉक्टरांचं मत होतं, की ही जखम अटळ आहे. पॅरिसचे ज्याँ-मार्तँ शार्को हे मज्जासंस्थेच्या आजारांतलं मोठं नाव. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की कातडीचं पोषण आतूनच बंद पडतं, असं ते मानत. कुल्ल्यावर असा व्रण उठला की रुग्णाची आशा सोडायची. त्यांच्याही आधी ब्राऊन-सेकार यांनी लुळ्या केलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दाब येऊ दिला नाही आणि अंग स्वच्छ ठेवलं तर व्रण होत नाहीत. पण शार्कोंचा दबदबा मोठा, त्यामुळे बराच काळ त्यांचंच चाललं. आणि त्यात एक सोयही होती. जखम आजाराची असेल तर दोष कोणाचाच नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये ही सोय काढून घेतली. बेडसोर झाला तर तो बहुतेक वेळा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असं तिने स्पष्ट लिहिलं. परिचारिकेच्या डोक्यावर एवढं मोठं ओझं तोवर कोणी ठेवलं नव्हतं. पण त्याच वाक्याने तिच्या हाताला किंमतही दिली. जो दोष आपला, तो टाळणंही आपल्याच हातात.

नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला दिवा आठवतो. मला तिची आकडेमोड आठवते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक लढाईपेक्षा घाणीने आणि साथींनी जास्त मेले, हे तिने रंगीत आकृत्या काढून सिद्ध केलं. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं; त्या संस्थेतली ती पहिली स्त्री. मग तिची नजर हिंदुस्थानकडे वळली. ती इथे कधीच आली नाही, तरी इथल्या लष्करी ठाण्यांवरून प्रश्नावल्या भरून मागवल्या: पाणी कुठून येतं, गटारं कुठे जातात, बराकीत किती माणसं झोपतात. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात हजारी ६९ गोरे सैनिक दरसाल मरतात, हा आकडा मांडला गेला. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा खेड्यांच्या स्वच्छतेवरून पत्रव्यवहार झाला. म्हणजे आधी मोजा, मग बोला हा तिचा हट्ट टपालाने पुण्यापर्यंत पोचला होता.

पोचले नव्हते ते हात. ससून हॉस्पिटल १८६७ ला उघडलं. डेव्हिड ससून यांची देणगी, दगडी इमारत, पाठोपाठ १८७८ ला वैद्यकाची शाळा. पण परक्या माणसाच्या अंगाला हात लावून त्याला कुशीवर वळवायचं, त्याचं मलमूत्र काढायचं, पाठ पुसायची, हे घरंदाज बाईने करावं असं तेव्हा पुण्यात कोणाला सांगून पटलं असतं? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा यशवंतराव यांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच संसर्गाने १० मार्चला वारल्या. शहरातली प्रतिष्ठित घरं तेव्हा अंगाला स्पर्श नको म्हणून दारं लावून बसली होती. पुण्यातल्या शुश्रूषेच्या इतिहासाचं पहिलं पान मी या घटनेचं धरते. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. उचलणं मात्र त्यांना कळत होतं.

सार्वजनिक सभेचा आधारस्तंभ असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. त्यांनी विधवा आणि परित्यक्ता मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा या नाकं मुरडणाऱ्या शहराला समजावत फिरावं लागलं. पुरुष रुग्णाला वळवायचं म्हणजे त्याच्या खांद्याखाली आणि कंबरेखाली हात घालावा लागतो. त्या काळच्या सोवळ्यातल्या घरात वाढलेल्या अठरा-वीस वर्षांच्या विधवेसाठी हे काय असेल, याचा विचार आजही वर्गात करून बघण्यासारखा आहे. आज पोझिशन चेंज म्हणून वहीत एका ओळीत लिहितो ते काम करण्याचा हक्क या मुलींनी आधी मिळवला. योग्य पद्धत कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता दोन तासांकडे येते. लुडविग गुटमन हे जर्मनीतून निर्वासित म्हणून १९३९ ला इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात त्यांच्या हाती मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा वॉर्ड दिला गेला. असे जवान तोपर्यंत बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने मरतच. गुटमन यांनी नियम घातला: दिवस असो की रात्र, प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची. रात्री स्वतः वॉर्डात येऊन ते खात्री करून घेत. असं सांगतात, की कूस बदलणारी टोळी वॉर्डाच्या एका टोकापासून निघाली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दोन तास व्हायचे, आणि मग पुन्हा पहिल्या कॉटपासून सुरुवात. ही गोष्ट तंतोतंत खरी असेल-नसेल. पण ती सांगितली जाते यातच पुष्कळ आलं. पुढे १९५९ मध्ये मायकल कोसियाक यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की दाब किती आणि किती वेळ, या दोन्हींवर मांस मरणं अवलंबून असतं. दोन तासांच्या नियमाला त्यातून आधार मिळाला. पण प्रयोग आला तेव्हा नियमाला १५ वर्षं झाली होती. प्रथा आधी, पुरावा नंतर.

त्याच वॉर्डाच्या आवारात गुटमन यांनी १९४८ ला १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली आणि त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ ला हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक पोहण्यात मिळवणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी बसलेले जवान. पुढे ते पुण्यातच राहिले. १९७४ ला खडकीला अशा जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. कमरेखाली संवेदना नसलेला माणूस जगतो, खेळतो, म्हातारा होतो, याच्या मुळाशी ज्या गोष्टी आहेत त्यात न फुटलेली पाठ पहिल्या काहींत येते. पदकांच्या बातमीत तिचा उल्लेख नसतो.

बेडसोरबाबत मोजण्याचं काम परिचारिकेने स्वतः हाती घेतलं ते डोरीन नॉर्टनने. लंडनच्या व्हिटिंग्टन हॉस्पिटलात म्हाताऱ्या रुग्णांवर तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. पाठीला काय काय लावतात ते सगळं तिने तपासलं: साबण, स्पिरिट, मलमं. कशानेच फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो कूस बदलण्याने. शिवाय कोणाला धोका जास्त, हे ओळखायला तिने पाच गोष्टींची गुणपत्रिका केली: शरीराची अवस्था, मनाची जाग, हिंडणंफिरणं, अंथरुणातली हालचाल, मलमूत्रावरचा ताबा. वीसपैकी १४ किंवा कमी गुण म्हणजे सावध. १९८७ ला अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी पोषण, ओलसरपणा आणि घसरण्याने होणारं घर्षण त्यात धरून नवी मोजपट्टी आणली. पुण्यातल्या आयसीयूंमध्ये आज तीच भरतात.

आता माझी गोष्ट. आम्ही शिकत होतो तेव्हा नॉर्टनचा अभ्यास छापून काही दशकं लोटली होती, तरी आमच्या प्रोसिजर बुकात बॅक केअर अशी होती: रुग्णाला कुशीवर घ्या, मॅकिनटॉश (रबरी कापड) पसरा, साबणाच्या पाण्याने पाठ पुसा, तळहातावर स्पिरिट घ्या, माकडहाडावर गोल गोल चोळा, लाल झालेल्या जागी जास्त चोळा, वरून पावडर. ट्रॉलीवर स्पिरिटची निळी बाटली नसेल तर प्रॅक्टिकलला गुण कापले जात. मी ते मन लावून केलं. पुढे मुलींनाही तसंच शिकवलं. एका वर्षी एका आजोबांच्या माकडहाडावरचा लाल चट्टा मी आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ चोळला. आठव्या दिवशी तो फुटला. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, अजून चोळायला हवं होतं.

चोळायलाच नको होतं. लाल झालेल्या जागी खालच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात. वरून रगडलं की त्या फाटतात. स्पिरिट कातडी कोरडी करतं, कोरडी कातडी लवकर चिरते. अमेरिकेतल्या १९९२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी हाडांच्या उंचवट्यांवर मालिश करू नका, असं सांगितलं. १९९७ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळले. मालिशने बेडसोर टळतो याला आधार सापडला नाही. ते वाचलं त्या रात्री मला ते आजोबा आठवले. अजूनही आठवतात.

पुराव्यावर आधारलेला उपचार हे नाव याच सुमाराला रूढ झालं. आर्ची कॉक्रन यांनी १९७२ च्या पुस्तकात विचारलं होतं, की जे आपण रोज करतो त्यातलं खरंच उपयोगी किती? १९९२ पासून गॉर्डन गयॅट आणि मंडळींनी ते नाव वैद्यकात पक्कं केलं, १९९६ ला ऑस्ट्रेलियात परिचारिकांच्या पुढाकाराने जोआना ब्रिग्ज इन्स्टिट्यूट निघाली, १९९८ ला परिचर्येच्या पुराव्यांना वाहिलेलं नियतकालिक सुरू झालं. २००७ ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कॉक्रन लायब्ररी सगळ्या देशासाठी मोफत वाचायची सोय केली. बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात तर पुराव्यावर आधारित परिचर्या ही अपेक्षित क्षमता म्हणूनच लिहिलेली आहे. कागदावर सगळं आलं.

शिकवताना मात्र आपण एक घोळ घातला आहे, आणि तो मी स्वतःला धरून म्हणते. संशोधन म्हणजे प्रबंध, असं आपण मुलींना पटवलं. नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन प्रबंधांच्या पाठीवरची नावं वाचा. अमक्या विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता, अशी ओळीने लागलेली. आधी प्रश्नपत्रिका, मग तक्ते दाखवून व्याख्यान, मग पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात, प्रबंध बांधून होतो. शिकवल्यावर माणसाला जास्त माहीत होतं, हे सिद्ध करायला किती पिढ्या खर्ची घालायच्या? त्या मुलींनी एक महिना आपल्याच वॉर्डातल्या ३० रुग्णांच्या टाचा रोज बघून लिहिल्या असत्या, तर हॉस्पिटलला काहीतरी कळलं असतं. गंमत अशी की खाजगी हॉस्पिटलांना हे एनएबीएच या मानांकन देणाऱ्या संस्थेने करायला लावलं. मानांकन हवं तर दर हजार रुग्णदिवसांमागे किती बेडसोर, हा आकडा ठेवावा लागतो. नाइटिंगेलची वही ऑडिटच्या वाटेने का होईना, वॉर्डात परत आली.

त्या बीडच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर २०१३ साली निघालेल्या एका अभ्यासात बरंचसं आहे. अमेरिका आणि कॅनडातली २७ शुश्रूषागृहं, ९४२ रहिवासी. चिठ्ठ्या टाकून कोणाची कूस दोन तासांनी, कोणाची तीन, कोणाची चार तासांनी बदलली. तीन आठवड्यांनी बेडसोरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याआधी २०११ मध्ये आयर्लंडच्या झीना मूर या परिचारिकेने दाखवलं होतं, की रात्री दर तीन तासांनी फक्त ३० अंशांत कलतं केलं तर ३ टक्के रुग्णांना बेडसोर होतो, आणि नेहमीच्या पद्धतीने सहा तासांनी पूर्ण कुशीवर घातलं तर ११ टक्क्यांना. पूर्ण कुशीवर घातलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे एक उशी सरकवून नुसतं कलतं केलं तर तो भार मांसल भागावर जातो.

हे वर्गात सांगितलं की मुली खूश होतात. मग मी त्यांना वॉर्डात नेते आणि गादी दाबून बघायला सांगते. चार तासांचा तो अभ्यास जाड, दर्जेदार फोमच्या गाद्यांवर झाला होता. आपल्याकडे रेक्झिनचं कव्हर घातलेली, मध्ये खड्डा पडलेली काथ्याची गादी असते आणि तळहात दाबला की खालची लोखंडी पट्टी लागते. या गादीवर चार तासांचा पुरावा लागू नाही. इथे दोन तासच. पुरावा लागू करणं म्हणजे निष्कर्ष उचलून आणणं नव्हे. तो कुठल्या गादीवर सिद्ध झाला हे विचारणं.

दुसरं, रंग. परदेशी पुस्तकातल्या फोटोत गोऱ्या पाठीवर पहिल्या पायरीचा लाल डाग लखलखीत दिसतो. बोटाने दाबून सोडला आणि तो पांढरा पडला नाही, तर धोका. आपल्या सावळ्या पाठीवर तो लाल दिसतच नाही. जांभळट किंवा नुसता जास्त काळा दिसतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तोही निसटतो. म्हणून मी मुलींना हाताची पालथी बाजू टेकवायला शिकवते. आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, घट्ट लागते का, की लिबलिबीत? रुग्ण तिथे हात लावल्यावर तोंड वाकडं करतो का? डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.

तिसरं, माणसं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आता हिशेब करा. वॉर्डात कूस बदलावी लागणारे १० रुग्ण, रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटीला दोन सिस्टर. दोन तासांच्या नियमाने ६० वेळा कूस बदलायची. एका वेळेला दोघींची पाच मिनिटं धरली, तरी पाच तास. सलाइन, इंजेक्शनं, नवी ॲडमिशन, एखादा मृत्यू, हे सगळं उरलेल्या वेळात. म्हणूनच पहाटे चार वाजता त्या कागदावर एकाच शाईने, एकाच दमात भरलेल्या सह्या दिसतात. मी अशा सह्या पाहिल्या आहेत आणि त्या मुलींना रागावून काही होत नाही हे मला माहीत आहे. ब्रेडनची मोजपट्टी खरोखर वापरली, धोक्यातले चार रुग्ण वेगळे काढले, त्यांना बरी गादी दिली, तर तोच हिशेब दीड-दोन तासांवर येतो. पुरावा ही श्रीमंत देशांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब दाखवते. जिथे हात कमी, तिथे ते कुठे लावायचे हे कळण्याची गरज जास्त.

आणि हात लावले तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये वारेपर्यंत तिथल्याच एका खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, तेव्हा ३७ वर्षांनंतरही त्यांच्या अंगावर बेडसोर नव्हता. परिचारिकांच्या किती तुकड्या त्या काळात निवृत्त झाल्या असतील. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हे सांगते आणि मग काही वेळ बोलत नाही.

शेवटी घरच्यांसाठी, कारण पुण्यात आज अंथरुणाला खिळलेली कितीतरी माणसं वॉर्डात नाहीत. कोथरूड-हडपसरच्या फ्लॅटमध्ये, ब्युरोच्या मावशींच्या भरवशावर आहेत. आजीच्या टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवला असेल तर काढा. कमरेखालचं रबरी कडंही काढा. दोन्हींनी दाब जात नाही, फक्त कडेला सरकतो. पोटरीखाली मऊ उशी द्या, अशी की टाच हवेत राहील आणि खालून एक कागद आरपार सरकेल. लाल किंवा काळसर जागा चोळू नका. भाड्याने आणलेला एअर बेड चालू आहे का, हे त्यावर हात ठेवून बघा, आणि तो असला तरी कूस बदला. वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि मावशींना शिकवा. सही मात्र कूस बदलल्यावरच करा.